खंडेनवमीला पुजलेला हेडफोन

आमच्या मळ्यातल्या घरात फोनची घंटा वाजली की आधी कुत्रं भुंकायचं, मग पोपटकाका काहीतरी काम आठवल्यासारखा गोठ्याकडे चालू लागायचा, आणि मग आई तोंडात दोऱ्याचं टोक धरूनच ओट्यावरून आत यायची. मखमलाबादच्या पुढं तेव्हा सगळा झेंडू-शेवंतीचा आणि भाजीपाल्याचा मुलूख होता. आता तिथे इमारती उभ्या आहेत आणि त्यांना फुलांची नावं दिली आहेत, तो भाग वेगळा. आसपासच्या मळ्यांत फोन फक्त आमच्याकडे होता, त्यामुळे सगळ्या वस्तीची फुलं आमच्या फोनवर विकली जायची, आणि ती विकायची आई. मुंबईचे शेठ आणि सुरतेचा व्यापारी यांनी तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज बरोबर ओळखायचे. ओळखणारच. परगावी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायचं अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती, आणि आईचा मूळचाच आवाज विहिरीपलीकडे जाणारा. तिनं ‘हॅलो’ म्हटलं की शेजारच्या मळ्यातली माणसं मोट थांबवून भाव ऐकायला उभी राहत, असं दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. मोटा जाऊन पंप आले होते, तरी दादांची थट्टा मोटेवरच चालायची.

आईचं माहेर देवळ्याकडचं. लहानपणी ती कांद्याच्या लिलावात आजोबांच्या मागे उभी राहायची, आणि भाव कुठे ताणायचा, कुठे सोडायचा हे तिनं तिथंच पाहून घेतलं होतं. पण तिची स्वतःची एक रीत होती. हात चालू असल्याशिवाय तिला भाव करताच येत नसे. रिसीव्हर कान आणि खांद्यात दाबायचा, मान वाकडी करायची आणि मांडीवरच्या टोपलीतली फुलं ओवत बोलायचं. समोरचा भाव सांगे, आई गप्प. एक फूल, दुसरं फूल, तिसरं. मग दोरा ओढून गच्च करी आणि म्हणे, “नाय जमत शेठ.” तेवढ्या शांततेत पलीकडचा माणूस आपणहून वर चढायचा. मी एकदा म्हटलं, “आई, फोनवर बोलताना तरी ते ओवणं ठेव ना बाजूला.” ती म्हणाली, “हात थांबला की डोकं थांबतं माझं. गप बस.”

ती वाकडी मान शेवटी तिला नडली. आधी मान धरायला लागली, मग खांदा, मग उजव्या हाताला मुंग्या. ती कुणाला बोलली नाही. आम्हाला कळलं ते भाकरीवरून. तिची बाजरीची भाकरी कशी गोल आणि पातळ, आणि ती थापताना परातीचा एका लयीत आवाज यायचा. तो आवाज अडखळायला लागला. भाकरी एका बाजूला जाड राहू लागली. मग दादा तिला पंचवटीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही गेले. डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली आणि म्हणाले, “दाबा जोरात.” आई म्हणाली, “दाबतेय की!” डॉक्टर पुन्हा म्हणाले, “दाबा.” आईच्या कपाळावरची शीर फुगली होती आणि डॉक्टरांची बोटं तशीच सैल होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं, मानेतली नस दबतेय, फोन असा धरणं आजपासून बंद, नाहीतर हात जाईल.

घरी येऊन दादांनी निकाल दिला: फोन पोपटच्या खोलीत न्यायचा. दादांना स्वतःला एका कानानं कमी ऐकू यायचं आणि दुसऱ्यालाही फोनवरचं नीट लागत नसे, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. पोपटकाका दादांचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, टेपरेकॉर्डरवर जीव असलेला. नाव पोपट, पण फोन हातात दिला की याची दातखीळ बसायची. पलीकडून काहीही म्हणाले तरी हा “हो, हो” करायचा. त्यानं फोन घेतला तर वस्तीची फुलं दोन मोसमांत फुकट जातील हे सगळ्यांना दिसत होतं. तो बिचारा त्या दिवशी जेवलाच नाही. आई जेवली, पण शेंगदाण्याची चटणी वाढताना चमचा दोनदा तिच्या हातून पडला आणि दोन्ही वेळा तिनं तो मांजराच्या नावावर ढकलला. मला तिच्या हाताची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त भीती तिच्या गप्प बसण्याची वाटत होती. फोन गेला असता तर आईचं निम्मं जग गेलं असतं. आमच्याकडच्या बायकांना कोण विचारत होतं तेव्हा? तिला मुंबई विचारत होती.

मी त्या वेळी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. “पोरीला असलं शिकवून काय रेडिओचं दुकान टाकायचंय का?” असं नातेवाईक विचारत आणि दादा म्हणत, “टाकू की.” कॉलेजात टेलिफोनचं सर्किट आम्हाला शिकवलं होतं. रिसीव्हर उचलला की तारेतून थोडासा प्रवाह वाहू लागतो, त्यावरून एक्स्चेंजला कळतं की माणूस बोलायला आला. म्हणजे रिसीव्हर उचलण्याऐवजी तेवढाच प्रवाह ओढणारी दुसरी डबी लाइनला लावली, तिला एक बटण दिलं, बोलायला छोटा माइक आणि ऐकायला कानाला एक स्पीकर दिला, की झालं. मान सरळ, दोन्ही हात मोकळे. कागदावर हे फार सोपं दिसत होतं. मेन रोडच्या मागच्या गल्लीतून मी सामान आणलं: चार डायोड, एक ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि शर्टाच्या बटणाएवढा कंडेन्सर माइक. डायोड चार अशासाठी की लाइनच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तरी डबी जळू नये. स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून मी सोल्डर करायची, आणि राळेचा तो धूर आईच्या फोडणीत मिसळायचा. “आमटीला काय वास येतोय?” असं दादा विचारायचे, आणि आई म्हणायची, “डिप्लोमाचा.”

सर्किट साबणाच्या डबीत बसवलं. डोक्यावर अडकवायला माझा शाळेतला प्लॅस्टिकचा हेअरबँड घेतला, त्याच्या एका टोकाला जुन्या रिसीव्हरमधला स्पीकर, आणि तिथूनच कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा वाकवून तोंडापुढे माइक आणला. तार गालाला टोचत होती, म्हणून आईनं स्वतः तिच्यावर हार ओवायचा पांढरा दोरा गच्च गुंडाळून दिला. पदर डोक्यावर घेऊन तिनं तो हेडफोन चढवला आणि पोपटकाका हसता हसता ओट्यावरून खाली पडायचा राहिला. तेवढ्यात घंटा वाजली. पंचवटीतल्या हारवाल्याचा फोन. आईनं बटण दाबलं, घंटा थांबली, आणि जी बाई विहिरीपलीकडे ऐकू जायची ती अगदी बारीक आवाजात, माजघरात बाळ निजलंय अशा बेतानं बोलू लागली. हारवाला घाबरला. “वहिनी, बऱ्या आहात ना? कोणी गेलं का घरात?” मला कळेना काय झालं. फोन झाल्यावर आई म्हणाली, “कुंदे, ही आत कोण बाई ओरडतीये माझ्या कानात?” ती तीच होती. माझ्या सर्किटमध्ये बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच कानात फार मोठा येत होता. आयुष्यात पहिल्यांदा आईनं आपला आवाज ऐकला आणि ती हबकली. “मी एवढी वरडते? आणि कुणी सांगितलं नाय?” असं तिनं विचारल्यावर दादा उठून बाहेर गेले. मग मी जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर काढून लावला आणि कानातली ती ओरडणारी बाई गप्प केली.

पुढे मी अंबडच्या एका कारखान्यात तीस-एक वर्षं असल्याच वस्तू तपासण्यात घालवली, आणि निवृत्त झाले. आता माझा भाचा कानात शेंगदाण्याएवढं काहीतरी घालून अंगणात एकटाच हातवारे करत फिरतो. मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या अंगणात आई तशी बोलायला लागली तेव्हा मात्र रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची आणि पोपटकाका त्यांना गंभीरपणे सांगायचा, “वहिनीच्या अंगात मुंबई येते.” गणपती गेले, पितृपंधरवडा गेला. आईची मान सरळ राहू लागली, मुंग्या कमी झाल्या. फोन काकाच्या खोलीत नेण्याचं दादांनी “दसरा होऊ दे, मग बघू” असं म्हणून लांबवलं होतं. दसऱ्याची विक्री आईला या हेडफोनवर जमली तर फोन तिचा; नाही जमली तर काकाचा. दसऱ्याला झेंडूला जो भाव असतो त्यावर आमचं आणि वस्तीचं वर्ष निघायचं. दुसऱ्या दिवशी त्याच झेंडूला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, त्यांना हळद-कुंकू वाहायचं, आणि एकदा पुजलं की दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे हे फार कडक. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, आईच्या हाराच्या सुया, सगळं सकाळीच पाटावर जायचं. झेंडू हातानं तोडतात, त्यामुळे तोडणीला अडचण नसायची. टेम्पोची पूजा फाटकात व्हायची, पण चाकाला सुट्टी नसते असं दादांनी ठरवून टाकलं होतं. मी तोडणीहून आले तेव्हा बोटं झेंडूनं काळी-पिवळी झाली होती, कितीही धुतली तरी भगरीच्या घासाला झेंडूचाच कडू वास. ताट घेऊन मी पूजेपुढे बसले आणि हातातला घास ताटात परत ठेवला. पाटावर, सुयांच्या शेजारी, हेडफोन. त्याला झेंडूची छोटी माळ, साबणाच्या डबीला हळदीची बोटं, आणि माइकच्या तोंडावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा.

“आई, हा का ठेवला?”

“का म्हणजे? माझ्या पोरीनं केलेलं पहिलं हत्यार हे. त्याला सोडून सुया पुजू?”

“अगं, आज सगळे फोन येणार!”

“येऊ दे. सुया देवापुढं हेत, हात रिकामा हे. रिसीव्हर हातानं धरीन.”

तिचा चेहरा इतका फुलला होता की मला पुढे बोलवेना. कौतुक केलं होतं तिनं माझं, तिच्या परीनं, आणि तेही नेमकं त्याच दिवशी.

हातानं धरणं फार वेळ टिकलं नाही. ओट्यावर फुलांचा डोंगर होता. पहिल्या फोनला तिनं रिसीव्हर हातात धरला, दुसऱ्याला दुसऱ्या हातानं मोठी फुलं वेगळी काढू लागली, तिसऱ्याला रिसीव्हर नकळत मानेत गेला. मी खुणावलं की ती हातात घ्यायची, पुन्हा मानेत. दुपारी मुंबईच्या शेठचा फोन आला आणि भाव ऐकता ऐकता रिसीव्हर तिच्या खांद्यावरून निसटला. तिनं झेलायला उजवा हात पुढे केला. बोटं मिटलीच नाहीत. रिसीव्हर भिंतीवर आपटून लोंबकळत राहिला आणि त्यातून शेठचं “हॅलो, हॅलो” येत राहिलं. आई आपल्या हाताकडे बघत होती. नेमका समोर पोपटकाका होता. त्यानं रिसीव्हर उचलला, “वहिनी बाहेर गेल्यात” एवढं एका दमात म्हणाला आणि ठेवून दिला. खरं सांगते, काकानं आयुष्यात फोनवर केलेलं ते सगळ्यात शहाणं काम.

मग मी रिसीव्हर आईच्या कानाला धरून उभी राहिले. तेही करून पाहिलं. ती फुलांकडे वळली की मी वळायची, ती वाकली की मी वाकायची, आमचं डोक्याला डोकं आपटत होतं. त्यात हारवाल्याचा फोन आला, त्यानं आपला भाव सांगितला, आणि आई म्हणाली, “बरं.” नुसतं “बरं.” फाटकातून दादा आत येत होते, ते उंबऱ्यातच थांबले. त्यांचा चांगला कान आमच्याकडे होता.

“तुझी आई पहिल्या भावाला हो म्हणाली?” त्यांनी मला विचारलं.

आई भिंतीला टेकून बसली. “सुचत नाय मला,” ती म्हणाली. “पोपटला द्या फोन. चांगलं सांगितलं होतं डॉक्टरनं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला रडताना फारशी पाहिलेली नव्हती, मला ते सहन होईना. बाहेर वस्तीतली माणसं टेम्पोत क्रेट रचत होती. गाडी मुंबईला लावायची की सुरतेला, ते तिच्या शब्दावर ठरायचं होतं, आणि संध्याकाळच्या आत ठरायचं होतं.

दादा पूजेच्या पाटापुढे गेले. हात जोडले. मग म्हणाले, “हा हेडफोन उचल.”

“अवो, पुजलाय मी!”

“पुजलाय, मान्य. हत्याराला आज हात लावू नये, तेबी मान्य. पण हत्यार हातात धरतात. हा डोक्यावर घालतात, कानाला लावतात. दागिना हे हा.”

“कायबी काय!”

“मंगळसूत्राला हळद-कुंकू लावतेस का नाय सणाला? मग तेवढा दिवस काढून ठेवतेस?”

भाव करण्यात ती हरल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. तिनं हेडफोनला नमस्कार केला, माळ काढून देवाला वाहिली, आणि हेडफोन डोक्यावर चढवला.

घंटा वाजली. तिनं बटण दाबलं. “बोला शेठ!” पलीकडून “हॅलो? हॅलो?” तिला ऐकू येत होतं, पण तिचं त्यांना काही पोचत नव्हतं. लाइन कटली. मी तिच्या डोक्यावरून हेडफोन ओढूनच घेतला. माइकची बारीक जाळी लाल झाली होती. ते ओलं कुंकू आत उतरलं होतं. इतकी मनोभावे पूजा कुठल्याच माइकची झाली नसेल. कापसानं पुसलं, फुंकलं, उन्हात धरलं, पण तो मेला होता तो मेलाच. दुसरा माइक आणायचा तर मेन रोडला जाऊन येईपर्यंत दिवस मावळला असता, आणि दुकानांत त्या दिवशी पूजाच चाललेल्या.

पोपटकाका खोलीत गेला आणि आपला टेपरेकॉर्डर घेऊन आला. मालेगावहून त्यानं तो पोटाशी धरून एसटीनं आणला होता, कुणाला धूळसुद्धा पुसू देत नसे. “यात माइक असतो ना गं?” त्यानं विचारलं. “तू एकदा म्हणाली होतीस.”

“असतो काका. पण पुन्हा रेकॉर्डिंग होणार नाही.”

“फोड,” तो म्हणाला. “पायजे तर सगळा फोड. पण मला त्या फोनवर बसवू नका.” तोवर मला वाटायचं, फोन मिळणार म्हणून काका मनातून खूश असेल. तो बिचारा रात्री झोपत नव्हता म्हणे!

माझा स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न दोन्ही पाटावर पुजलेली होती. मी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, “माझ्याकडं बघू नकोस, मी आपला ऐकू न येणारा माणूस,” आणि तोंड फिरवून उभे राहिले. देवाची माफी मागून मी आयर्न गरम केलं. टेपरेकॉर्डरचा माइक काढला, कुठला पाय कुठे ते दोनदा तपासून जोडला, आणि शेवटच्या टाक्यावर फुंकर घालतेय तोच घंटा वाजली. आईनं हेडफोन घातला, बटण दाबलं.

“हॅलो, वहिनी? आहात कुठं तुम्ही?”

“मी आठेच शे!” आई जोरात ओरडली. आनंदाच्या भरात ती थेट माहेरच्या बोलीत गेली होती. मग सावरून म्हणाली, “इथंच हे, शेठ. बोला.”

तिचे दोन्ही हात झेंडूच्या ढिगात गेले. मोठं फूल इकडे, बारकं तिकडे. शेठ भाव सांगत होते, आई गप्प होती. नेहमीपेक्षा जास्तच गप्प. मला वाटलं, पुन्हा माइक गेला. पण ती ऐकत होती, शेठच्या पाठीमागचं. रिसीव्हर मानेत दाबून कधी ऐकू न आलेलं सगळं तिला कानावर गच्च बसलेल्या त्या स्पीकरमधून येत होतं. “शेठ,” ती म्हणाली, “तुमच्या मागं लय गाड्या लागताहेत हो. हमाल नुसते वरडताहेत. माल उतरायला जागा हे का तुमच्याकडं?” शेठ जागेचं सोडून पुन्हा भावच सांगू लागले. आईनं एक फूल उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. “या खेपेला माफ करा. दिवाळीला बघू.”

पुढचा फोन सुरतेचा. तिथलं पाठीमागचं अंगण तिला मोकळं ऐकू आलं असावं, कारण तिनं भाव असा ताणला, असा ताणला की ओट्याखाली उभी असलेली माणसं पायांची बोटं आवळून ऐकत होती. “घालते गाडी,” असं ती म्हणाली तेव्हा दादांनी सुटकेचा जो श्वास सोडला तो मला आजही आठवतो. सापुताऱ्याच्या रस्त्यानं टेम्पो निघाला. आईनं हेडफोन काढला, तर तिच्या हनुवटीवर कुंकवाची लाल रेघ उठली होती. कुणी तिला सांगितलं नाही. दसऱ्याला कळलं, मुंबईत झेंडू इतका आला होता की ढीग तसेच टाकून माणसं परतली. सोनं द्यायला आलेली वस्तीतली म्हातारी माणसं त्या वर्षी आधी आईला सोनं देऊन मग दादांकडे वळली. फोन कुठे न्यायचा हा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. पुढच्या खंडेनवमीपासून हेडफोन पाटावर गेला नाही, तो आईच्या दागिन्यांच्या डब्यात, पाटल्यांच्या शेजारी राहू लागला.

पण माझा जीव त्या दिवशीही पुरता भांड्यात पडला नव्हता. रिसीव्हर झेलायला पुढे आलेली आणि न मिटलेली ती बोटं माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. आईला विचारलं की ती “बरी हे” म्हणायची, तिच्या “बरी हे”ला काही अर्थ नसे. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तिनं मला पाटावर बसवलं. गेल्या वर्षी तिनं नुसतं बोटभर तेल टाळूवर टेकवलं होतं; हात चालत नव्हता हे मला मागाहून कळलं. या वर्षी कोमट तेलाची वाटी घेऊन ती मागे बसली, पदर खोचला, आणि दोन्ही हात माझ्या केसांत घातले. मी वाट बघत होते. आधी डावा हात लागला. मग उजव्या हाताची बोटं डोक्यात अशी रुतली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“आई गं! दुखतंय!”

हात थांबले. मी वळून पाहिलं तर तेलानं माखलेला उजवा पंजा डोळ्यांपुढे धरून ती तो उघडत होती, मिटत होती.

“दुखतंय?” तिनं विचारलं.

“लय.”

“मग दुखू दे,” आई म्हणाली, आणि माझं डोकं सरळ करून तिनं आणखी जोर लावला.